काजळीचे बिबडे

सर्व नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की नव्वदच्या आसपास एका भर उन्हाळ्यात पिंप्राळ्यातल्या गच्च्यांवर वाळणाऱ्या ज्वारीच्या पापडांवर, म्हणजे आमच्या बिबड्यांवर, जी काजळी पडली, तिचा अर्धा मान माझा. उरलेला नानांचा.

मी जवळच्या सरकीच्या तेलगिरणीत बॉयलरवर देखरेख करायचो. नाना तिथले भट्टीवरचे फायरमन, उभा जन्म दगडी कोळशापुढे गेलेला. त्या महिन्यात तो कोळसा मिळेना, म्हणून मालकाने गुजरातहून लिग्नाइटच्या, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशाच्या, दाबलेल्या विटा मागवल्या. नानांनी सवयीने भट्टी गच्च भरली, हवेचं वरचं दार लावलं आणि सळईने ढोसायला लागले. विटांचा भुगा झाला. निम्मा जाळीतून न जळताच राखेत गेला, उरलेल्याचा वायू हवेवाचून तसाच काळाकुट्ट धुराड्यातून निघाला.

"नाना, थर पातळ ठेवा, ढोसू नका, वरचं दार उघडा!"

"हाई भट्टी मना हातले वळखस," नाना गरजले. "तुमनं पुस्तक वाचस का ती?"

वडीलधारा माणूस. मी तीन दिवस गप्प बसलो, याचा राग मला आजही येतो.

चौथ्या सकाळी फाटकावर बायका आल्या. पुढे माझीच थोरली बहीण, हातात ताट.

"हे बिबडे आहेत की तव्याचं बूड?" अक्का कडाडली. "दुसरं पातेलंभर पीठ शिजवून आलेय मी. आज थापलं नाही तर आंबेल. वर्षभर काय, तुझं तोंड तळून खाऊ?"

मी आत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा नानांवर ओरडलो. "सळई ठेवा! बाहेर जाऊन बसा!"

नाना सळई आपटून निघून गेले. मी वरचं दार उघडलं. मूठ-दोन मूठ उंचीचा थर पसरला, हात आवरून थांबलो. भट्टीत पिवळीधमक ज्योत उठली. वाफेचा काटा चढला आणि लाल रेघेखाली नेमका स्थिर राहिला. मी एकटाच तिथे नाचलो.

बाहेर नाना बायकांच्या शिव्या खात लिंबाखाली बसले होते. त्यांनी मान वर केली. धुराड्याच्या तोंडावर नुसतं निळं आभाळ, धुराचं नाव नाही. ते ताडकन उठले, धोतर सावरत आत धावले आणि माझ्या अंगावर ओरडले,

"करी टाकं ना वाटोळं! भट्टी इझी गई!"