आंबे आले, विचार केला

हे गेले त्या सकाळी उत्तरेतल्या आमच्या जानकीपुरमच्या घरी सर्वांत आधी जो माणूस पोचला, त्याच्यावर माझा वीस-बावीस वर्षांपासून संशय होता.

तो एके काळचा मुष्टियुद्धातला चॅम्पियन. आमच्या भागात त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. दुकानदारापासून हवालदारापर्यंत सगळे ‘चैंपियन साहब’ म्हणतात. हॉस्पिटलचे कागद, शववाहिनी, घाटावरची व्यवस्था, सगळं त्याने दोन-तीन फोनांत केलं. मी एका कोपऱ्यात बसून ते बघत होते. माणूस गेलेल्या घरात असं कुणाकडे बघू नये, हे मला कळत होतं.

हे हवाई दलात होते. तरुणपणी स्वतः रिंगमध्ये उतरत, पुढे पंच झाले. रिंगच्या कडेला बसायचं, प्रत्येक फेरीचे गुण चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी देऊन टाकायची. घरी आले की तीच लढत मराठीत डायरीत उतरवत. खेळाडूंची नावं लिहीत नसत. लाल आणि निळा, कोपऱ्यांचे रंग तेवढे. “नाव लिहिलं की माणूस दिसायला लागतो,” म्हणायचे.

तो ज्या लढतीने चॅम्पियन झाला, त्या राज्य स्पर्धेच्या अंतिम लढतीला पाच पंचांमध्ये हे एक होते. तो लाल कोपऱ्यात होता. निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. हे तिघांत होते की दोघांत, ते मला कधी कळलं नाही. पंचाने सांगायचं नसतं. पण पुढच्या जूनमध्ये मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटी आली आणि नंतर दर जूनला येत राहिली. तो स्वतः घेऊन यायचा. ह्यांच्या खोलीत जायचा, दार लोटून घ्यायचा, अर्ध्या तासाने बाहेर यायचा. मी आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात काम केलं. एखादी वस्तू आली की कुणी दिली आणि कशासाठी दिली, हे विचारल्याशिवाय मला ती ठेवून घेता येत नाही.

एकदा मी सरळ विचारलं, “त्याला तुम्ही जिंकवलंत का?”

“आंबे कापतेस ना?” हे म्हणाले.

रिंग सुटल्यावर त्याचं वजन वाढतच गेलं. कुणाच्या मुलीचा शाळाप्रवेश, कुणाची पाण्याची लाइन, गाडी कुठे लावायची यावरून दोन शेजाऱ्यांचं वैर, सगळं त्याच्याकडे जायचं. तो यायचा, ऐकून घ्यायचा आणि एकाच्या खांद्यावर हात ठेवायचा. तो खांदा किंचित खाली जाताना मी गॅलरीतून पाहिलेला आहे. रिंगबाहेर त्याने कुणाला मारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तशी गरजच पडत नसे. एवढ्या लोकांना जो नुसत्या हाताने वाकवतो, त्याने आमच्या घरातल्या माणसाला तेवढं सोडलं असेल?

तर हे गेले त्या दुपारी, घाटावर निघण्याआधी, तो माझ्याजवळ आला. “भाभीजी, साहब के कमरे में दो मिनट बैठ लूँ?” मी मान हलवली. त्याने दार लोटलं.

तिसऱ्या दिवशी मी त्या खोलीत गेले. डायऱ्या सालवार लावलेल्या होत्या, ती माझीच शिस्त. ओळीत एक फट होती. कोणतं साल नाही, ते मोजायचीही गरज नव्हती.

मुलाला सांगितलं. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. “मम्मी, छोड़ो ना यार. अंकल ने इतना सब किया.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

मला डायरी हवी होती ती चोर पकडायला नव्हे. बदलीमागून बदली, परक्या गावांतली बिऱ्हाडं, हे सगळं मी एका गोष्टीवर टेकून काढलं होतं: हा माणूस खोटं लिहीत नाही. आता तो नव्हता. टेकायला तेवढंच उरलं होतं आणि तेही खरं की नाही, हे त्या एका पानावर होतं.

दहावा गोमतीच्या काठी केला. निशातगंजला राहणारे एक बँकेतले गृहस्थ आपल्याकडच्या रीतीने विधी सांगतात, त्यांना बोलावलं होतं. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. समोरच्या झाडावर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना.

“काहीतरी इच्छा राहिली असणार,” गुरुजी म्हणाले. “एकेकाने पुढे होऊन शब्द द्या.”

मुलगा पुढे झाला. “पापा, मम्मी का ध्यान मैं रखूँगा.”

“अरे, मराठीत सांग. ते मराठीत वाट बघत असतील.”

मुलगा अडखळत म्हणाला, “बाबा, आईला मी बघीन.” कावळे हलले नाहीत.

मी पुढे झाले. “तुमच्या डायऱ्या सांभाळीन. एकही हरवू देणार नाही.” हे म्हणताना मी पिंडाकडे पाहत नव्हते, चॅम्पियनकडे पाहत होते. तो जमिनीकडे बघत होता.

अर्धा तास गेला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा शिवला नाही तर त्याचाच स्पर्श करवतात. चॅम्पियनने मुलाला हळूच विचारलं, “ये कौवे का क्या मामला है?” मुलाने सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मग चपला काढल्या, पिंडाजवळ जाऊन उकिडवा बसला आणि एक-दोन वाक्यं बोलला. ओठ हलताना दिसले, आवाज आला नाही. तो उठून मागे आला तोच एक कावळा खाली उतरला आणि भाताला चोच लावली.

“लो, कौआ भी चैंपियन साहब की सुनता है,” मागे कुणी शेजारी पुटपुटला. गुरुजींनी हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मला राग आला. माझा शब्द पुरला नव्हता आणि त्याचा पुरला होता.

तेराव्याचं जेवण झालं, माणसं पांगली. तो अंगणात खुर्च्या एकात एक घालत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

“डायरी आपने ली?”

“जी.” खुर्ची त्याच्या हातातच राहिली. “चोरी की, भाभीजी. आज लौटाने ही वाला था.”

स्कूटरच्या डिकीतून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली डायरी आणली. पानात खूण होती. मी उभ्यानेच वाचलं. ह्यांच्या सरळ अक्षरात होतं: ‘राज्य स्पर्धा, अंतिम. निळा. एका गुणाने.’

निळा म्हणजे दुसरा. ह्यांनी त्याला हरवलं होतं. ते दोघांत होते, तिघांत नव्हते.

खाली वेगवेगळ्या शाईत ओळी होत्या. ‘आंबे आले. विचार केला. निळाच.’ पुन्हा, ‘आंबे आले. विचार केला. निळाच.’ जितके जून, तितक्या ओळी. शेवटची गेल्या वर्षीची, कापऱ्या हाताची: ‘आंबे आले. खूप विचार केला. आता नक्की सांगता येत नाही.’

“आप हर साल पूछते थे?” मी म्हटलं.

“हर साल. हर बार यही कि लिख लिया है, मेरे बाद पढ़ लेना.” तो खुर्चीवर टेकला. “मराठी तो नहीं आती, पर इतना समझ में आ गया. आखिरी लाइन आपके बेटे से पुछवाई, पुर्जे पे उतारकर. बताया नहीं कि कहाँ की है.”

“मग हे तर तुमच्या बाजूचं झालं,” मी मराठीतच बोलून गेले. त्याला कळलं.

“मेरे हक में कहाँ, भाभीजी. जिस आदमी को कभी शक नहीं हुआ, उसे मैंने आम खिला-खिलाकर शक में डाल दिया. वहाँ नदी पर यही बोला. साहब, नीला जीता था. आप सही थे, आराम से जाइए.”

मी डायरी मिटली. मग विचारलं, “खरंच निळा जिंकला होता?”

त्याने उजव्या कानामागे दोन बोटं टेकवली. “तीसरे राउंड में यहाँ लगा था. उसके बाद का मुझे कुछ याद नहीं. हाथ ऊपर हुआ तब होश आया. साहब से इसीलिए पूछता था.”

माझा संशय अशा वेळी आणखी जागा होतो. मला जे ऐकायचं होतं नेमकं तेच तो सांगत होता आणि लोकांना हवं ते देऊनच त्याने एवढा जम बसवला आहे. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते, एकमेकांत अडकवलेले, आणि त्याची मान खाली होती. ह्यांच्याबद्दल मात्र मला शंका राहिली नाही. शेवटची ओळ लिहायला पहिलीपेक्षा जास्त खरेपणा लागला असेल.

यंदा जूनमध्ये पेटी आली. तो आत आला नाही, दारातूनच परत गेला. मी आंबे कापले, ह्यांच्या खोलीत नेले आणि डायरी काढली. शेवटच्या ओळीखाली अजून जागा आहे. पेन हातात होतं. पण मी ती लढत पाहिलेली नाही. डायरी फटीत परत लावून ठेवली.