फोन स्पीकरवर आहे

शाळेच्या ऑफिसात डबा खाताना मी एखादा किस्सा सांगते आणि मैत्रिणी म्हणतात, "तुझ्याकडेच रोज काहीतरी कसं घडतं गं?" अगं, घडतं कसलं, साचतं! नवरा फौजेत. आफ्रिकेत जाणाऱ्या शांतिसेनेच्या तुकडीत निवड झाली, आणि त्याआधी ट्रेनिंग तिकडे लांब उत्तरेत. फोन दिवसभर जमा असतो. संध्याकाळी मिळतो तो जेमतेम दहा मिनिटं. नाशिकरोडच्या आमच्या घरात त्या दहा मिनिटांवर टपून बसलेले तिघं: सासरे, सासूबाई आणि मी. माझा नंबर कायम तिसरा!

मला फार काही नको होतं. संदीपला एकदा, एकटीनं, सांगायचं होतं की मला भीती वाटतेय. घरात मी हसूनखेळून असते, पण वाटतेय. विमान कधी निघेल ते कुणीच सांगत नव्हतं. त्याआधी एवढं एक वाक्य त्याच्यापर्यंत पोचवायचं होतं. पण आमच्या घरात ते जमेल तर शपथ!

*

सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. जन्मभर मशीनच्या वर आवाज काढून बोलायची सवय. "आपल्या घरात काय लपवाछपवी आहे का?" असं म्हणून ते आधी स्पीकर लावतात आणि मग स्पीकर असूनही ओरडतात.

आता, संदीपला मी एरवी अरे-तुरे करते. सासूसासऱ्यांसमोर कसं करणार? पहिल्याच संध्याकाळी फोन माझ्यापुढे आला. दोघं टक लावून माझ्याकडे बघताहेत. मी ओढणी सावरून म्हटलं, "अहो, जेवलात का?"

पलीकडून जरा घाबरलेला आवाज, "हॅलो? कोण बोलतंय?"

*

सासूबाई येवल्याकडच्या. माहेरी कांदाच कांदा. एका संध्याकाळी त्यांना अचानक काळजी लागली.

"तिकडं कांदा मिळतो का रे?"

"आई, रेशन असतं सगळं. काही कमी नसतं."

"ते राहू दे. कांदा हाय का नाय ते सांग!"

"विचारून सांगतो," संदीप म्हणाला, आणि वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी बिचाऱ्यानं खरंच त्याच्या साहेबांना विचारलं होतं. "आई, मिळतो. साहेब स्वतः जाऊन आलेत तिथं." झालं एकदाचं, म्हणून मी फोनसाठी हात पुढे केला. सासूबाईंनी तो हात तसाच मागे सारला.

"लाल का उन्हाळी?"

*

नाशिकमधल्या द्वारका चौकात शेअर रिक्षात बसलेल्या सासूबाईंना शेजारच्या रिक्षात त्यांची जुनी मैत्रीण दिसली. कुसुममावशी. सिग्नल लाल. कुसुममावशीनं तिथूनच विचारलं, "संदीप काय म्हणतो?"

"अगं, आमचा संदीप तर गेला..."

तेवढ्यात सिग्नल सुटला! "ट्रेनिंगला" हा शब्द रिक्षाच्या आवाजात गेला वाहून.

संध्याकाळी कुसुममावशी दारात. डोळे सुजलेले, सोबत दोन नातेवाईक बायका. सासूबाईंच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. आम्हाला काही समजेना. फौजेतल्या माणसाचं घर आहे, मी तर आधी फोन शोधायला धावले. आणि त्याच क्षणी फोन वाजला. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"हॅलो, मी संदीप!"

कुसुममावशी जागच्या जागी थिजली. भानगड काय झाली ते सासऱ्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते असे काही भडकले! फोन सरळ तिच्या हातात दिला. "घ्या, तुम्हीच विचारा त्याला कसा आहे ते!"

आणि तिनं विचारलंही. खुशाली, हवापाणी, सगळं. सांत्वनाला आलेली बाई माझ्या नवऱ्याशी पोटभर बोलली, मी चहा करत होते.

*

"मंगळवारी निघतोय," असं एकदा नक्की कळलं. कॉलनीच्या मंडळानं लगेच सासूसासऱ्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं, डोळ्यांना रुमाल. मंगळवार आला, गेला. जाणं पुढे ढकललं.

मग जो भेटेल तो एकच विचारायचा, "अजून नाही गेला?" पोरगा नापास झाल्यासारखं! सासरे दूध आणायला मागच्या गल्लीनं जायला लागले. शेवटी तिथंही मंडळाच्या अध्यक्षांनी गाठलंच. "काय काका, संदीप अजून देशातच का?"

"हो ना," सासरे म्हणाले. "शाल तोवर परत आणून देऊ का?"

*

बरं, सगळा दोष घरच्यांना कशाला द्यायचा? एकदा दोघंही देवळात गेले होते आणि फोन आला. मी, एकटी!

"कुणी नाहीये घरात," मी म्हटलं.

"बरं झालं," तोही हळू आवाजात म्हणाला. "खरं सांग, गाडी चालू करतेस ना मधूनमधून? बॅटरी उतरेल."

मी तशीच खाली गेले, बाइक चालू केली आणि फोन सायलेन्सरजवळ धरला. म्हटलं, घे, बोल तिच्याशीच!

"आवाज जरा वेगळा येतोय गं," तो म्हणाला.

*

मग एका रविवारी येवल्याला लग्न होतं. डोकं दुखतंय असं सांगून मी घरी राहिले. फोन यायला नेमका उशीर झाला, पण आला.

"सगळे कुठे गेलेत?"

"लग्नाला."

"म्हणजे स्पीकर नाही?" तो हसला. आवाज जड होता. रात्रभर सराव झाला होता म्हणे. "उद्या निघतोय. या वेळी नक्की. आज फोन लवकर जमा करायचा नाहीये. तू बोल, मी ऐकतो."

मी बोलले. इतके दिवस गिळलेलं सगळं बोलले. भीती वाटते म्हणाले. टीव्हीवर बातम्या लागल्या की उठून आत जाते म्हणाले. रडले. मग नाक पुसून विचारलं, "ऐकतोयस ना?"

पलीकडे नवरोबा घोरत होते.

असा संताप आला! हाक मारायला तोंड उघडलं, आणि मारवेना. फोन कानाला धरून तशीच बसून राहिले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. माझ्या कानाला फोन दिसताच सवयीनं हात पुढे केला. मी देऊन टाकला. त्यांनी कानाला लावला. एरवी कानाला लागायच्या आत बोलायला सुरुवात करणारी बाई, चकार शब्द न काढता ऐकत राहिली. मग फोन माझ्या हातात परत दिला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

बाहेर जिन्यात सासरे एसटीच्या नावानं ओरडत वर येत होते. सासूबाई लगबगीनं दारात गेल्या.

"हळू बोला जरा. पोरगं झोपलंय."