साठे बाईंनी बांधायला लावलेली राखी

नववीत ज्या मुलाने मला जिन्यात अडवून नको तिथे हात लावला, त्याला राखी बांधायला मला साठे बाईंनीच लावलं होतं.

साठे बाई आज सकाळी गेल्या.

कर्वेनगरची आमची शाळा. बाई क्लासटीचर. मी रडत सांगितलं, तर त्यांनी शिपायाकडून राखी मागवली. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर.

"आता तो तुझा भाऊ. मिटलं. घरी सांगू नकोस, उगाच बभ्रा होईल."

सगळे खूश. त्याने ओवाळणी म्हणून चॉकलेटसुद्धा दिलं!

वर्षभर मागच्या बाकावरून "ताई, ताई" ऐकलं. दहावीला शाळा बदलली. का, ते कोणी विचारलं नाही.

बारा वर्षांनी बाई पत्ता शोधत धायरीला माझ्या घरी आल्या. रिटायर झालेल्या. पाणीही न घेता म्हणाल्या, "माझं चुकलं गं. शिक्षा मी तुला केली, त्याला नाही."

मी फटकन बोलले, "फार लवकर आलात, बाई."

"हो. तेही चुकलंच."

मग त्यांनी आमच्या त्याच शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी शनिवारचा तास सुरू केला. माझी परवानगी घेऊन, माझं नाव न घेता, दर बॅचला हीच गोष्ट सांगायच्या. स्वतःची चूक म्हणून.

मी मागे बसायचे.

एकदा एक मुलगा म्हणाला, "पण राखी बांधली ना बाई? मग मिटलं की."

"कुणाचं मिटलं?"

बाईंना घाई नसायची. त्या थांबल्या.

शेवटी तोच म्हणाला, "तिचं नाही."

"मग दुसऱ्या दिवशी ती शाळेत कशी आली असेल? लिहा."

पोरांनी लिहिलं. मी ते कागद वाचले. त्यातलं काही मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. खूप रडले त्या दिवशी.

बाईंना माफ केलं का? पूर्ण नाही. त्यांना ते माहीत होतं. पण आपली चूक दर शनिवारी पोरांसमोर उभं राहून सांगायला छाती लागते. ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

सकाळपासून मेसेज येताहेत, "आता तास बंद का?"

नाही. या शनिवारी मी घेतेय.

आणि "एक मुलगी होती" असं म्हणणार नाही. ती मी होते, असं सांगणार आहे.

बाई, या तुम्ही आता. वर्ग मी बघते.