अकोला, फक्त अर्धा तास

"टांग्यातून उतर, बाई. अर्ध्या तासात अकोल्याला सोडतो," आमचे पायलट होमी साहेब म्हणाले आणि तुळसाबाई गाठोडं घेऊन खाली उतरल्या.

आम्ही तेव्हा अमरावतीत होतो. गावाबाहेरच्या मैदानावरून लोकांना तिकीट लावून विमानात फिरवायचो. मी मेकॅनिक. तुळसाबाई मैदानाच्या तोंडाशी फुलं विकायच्या आणि रोज एक हार आमच्या विमानाला फुकट घालायच्या. त्यांची लेक अकोल्याला सासरी बाळंत झाली होती. ताप उतरेना म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं होतं. निरोप मिळताच धाकटे दीर नामदेवराव यांच्याबरोबर त्या स्टेशनला निघाल्या होत्या.

रेल्वेने जायचं तर बडनेऱ्याला गाडी बदलायची, तिथे मेलची वाट बघायची. पोचेपर्यंत दुपार उलटायची. विमान सरळ रेषेत जातं. साहेबांचा हिशेब चुकीचा नव्हता.

नामदेवराव मात्र टांग्यातून हलले नाहीत. "मले नाई बसाचं त्या इमानात. वहिनी, तुमी या उडून. मी आपला गाडीनंच जातो."

आम्ही इंजिन सुरू केलं. विमानाच्या इंजिनाला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात. एक बंद पडला तर दुसऱ्याने निभवावं म्हणून. उडण्याआधी आळीपाळीने एकेक बंद करून बघायचं. नुसत्या डाव्यावर इंजिन धापा टाकू लागलं.

"साहेब, असं नाही न्यायचं."

"अरे, उजवा चालतोय ना?"

"तो वाटेत गेला तर?"

साहेबांनी स्विच बंद केला.

मॅग्नेटो उघडला. आतली पातळ स्प्रिंग तुटली होती. पेटीतली नवी स्प्रिंग बसेना. कानस घेऊन घासत बसलो.

तुळसाबाई पंखाच्या सावलीत होत्या. "काहून बंद केलं, भाऊ? मी गाडीनंच जाऊ का?"

"होतंच आता, बाई," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. पुढे स्टेशनकडून गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली, तेव्हाही स्प्रिंग माझ्या हातातच होती.

उडालो तेव्हा उन्हं कलली होती. तुळसाबाईंनी एकदाही खाली पाहिलं नाही. अर्ध्या तासात अकोल्याला उतरलो. विमान बघायला गर्दी धावली. तिच्यातून वाट काढत मी त्यांना टांग्याने दवाखान्यात नेलं.

नामदेवराव पायरीवर बसले होते.

"गेली, वहिनी. मी आलो तवा बोलून राह्यली होती. माय कुठी हाय, इचारे. म्या म्हटलं, इमानानं येऊन राह्यली."

तुळसाबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी तं भल्यासाठीच म्हटलं होतं," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

साहेबांचं चुकलं, असं मला आजही म्हणवत नाही. मॅग्नेटो तसाच ठेवून उडायला हवं होतं, असंही नाही. पण पुढच्या सगळ्या नोकरीत कुणी घाईतला माणूस किती वेळ लागेल म्हणून विचारायला आला, की मी त्याला उड्डाणाचा वेळ सांगत नसे. विमान अजून जमिनीवर आहे, एवढं सांगायचो. आणि गाडी मिळत असेल तर ती सोडू नका, म्हणायचो.