विलायती बाजाची मी बुजवलेली भोकं

आमच्या अप्पांनी सिकंदराबादेहून एक बाजा आणला होता, आणि तो आपला आपण वाजायचा. खोटं वाटतं? वाटू द्या! एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातला माल. आगगाडीने हिंगोलीला आला आणि तिथून तीन बैलगाड्यांनी घरी. कपाटाएवढी पेटी, वर रांगेने उभ्या नळ्या, मागे भाता. कागदाची लांब गुंडाळी आत चढवायची, गड्याने भाता ओढायचा, की पट्ट्या कोणी न शिवता खाली-वर व्हायच्या. पहिल्या दिवशी ते पाहून गडी भाता सोडून पळाला. आई देवघरात जाऊन बसली.

अप्पांना मात्र त्यात माझं लग्न दिसलं. परभणीचे पाहुणे मला बघायला येणार होते, आणि मुलीला पेटी आलीच पाहिजे असा त्यांचा निरोप होता. माझ्या गळ्यात सूर नाही, बोटांत त्याहून नाही. आधीची दोन स्थळं त्यावरूनच मोडली होती.

"तू निस्ती बोटं वर धर," अप्पा म्हणाले. "दाबू नको. वाजवायचं काम त्याचं."

मला येत होतं ते पोथ्या सांधणं. कसरीनं खाल्लेलं पान मी खळ आणि पातळ कागद लावून असं बुजवायचे की भोक हाताला लागू नये. ती गुंडाळी उलगडली आणि मी थिजलेच. कागदभर भोकंच भोकं! साहेबाच्या घरात केवढी ही कसर! म्हटलं, इतका खाल्लेला असून एवढा वाजतो, तर धड केल्यावर किती वाजेल? तीन दिवस गुपचूप, पुन्हा कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून, शेपटाकडून एकेक भोक बुजवत आले. पाहुणे दारात आले तेव्हा सुरुवातीचा दोन हात कागद राहिला होता.

बाजा सुरू झाला. माझी बोटं नाचू लागली. पाहुण्यांचे घास हातातच राहिले. आणि एकदम सगळं गप्प. मागे नुसता भात्याचा धापा टाकल्याचा आवाज, आणि माझी बोटं आपली नाचतच आहेत!

"काहून थांबलं गं?" मुलाच्या आईनं विचारलं.

घाबरून मी दहाही बोटं दाबली. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भोंग्यानं लाजावं अशी आरोळी उठली. म्हशीनं दावं तोडलं. मुलाच्या वडिलांचा चहा धोतरावर.

मुलाची आई उठली. तिनं गुंडाळी बाहेर ओढून एका ठिगळावर नख फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"मी. कसर लागली व्हती."

"अगं, ती भोकंच वाजतात!" अप्पा ओरडले, आणि ओरडल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो.

"पोरी, पेटी येते का तुला?" मुलाच्या आईनं माझ्याकडे वळून विचारलं.

"न्हाई."

ती बाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. आठ दिवसांनी निरोप आला: पोरगी पसंत आहे, बाजा तेवढा पाठवू नका.

अप्पांनी तो निरोप दोनदा वाचून घेतला. बाजा नाकारला, याचाच धक्का त्यांना जास्त बसला होता.