नरसिंगरावांची शेवंती

माझे भावोजी नरसिंगराव रंगाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांचे आजोबा कापड रंगवून उन्हात वाळवायचे. नातवाने जन्मभर नंजनगूडच्या कारखान्यात नोकरी केली, पण ऊन कमी पडलं की जीव खालीवर व्हायची खोड काही गेली नाही. बोगादीत त्यांच्या घराला लागून तीन मजली इमारत उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिच्या मालकाशी बोलणंच टाकलं.

दसऱ्याच्या सुमारास माझ्या अक्काला, म्हणजे त्यांच्या सुमित्राबाईला, झोपेत अर्धांगाचा झटका आला. भावोजी शेजारीच घोरत होते. कळलं ते उजाडल्यावर. तेव्हापासून या माणसाने अंधाराची जी धास्ती घेतली, ती घेतलीच.

अक्का दवाखान्यातून घरी आली, तिचं करायला मी येऊन राहिले; पण तिच्या तोंडातून धड शब्द निघेना. मग एका दुपारी जड जिभेने तिने विचारलं, "माझ्या शेवंतीला फूल आलं का?" गच्चीवर तिच्या पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या होत्या. थंडीत रोज एक फूल देवीला, एक स्वतःच्या अंबाड्यात. भावोजींनी मनाशी धरलं, की शेवंती फुलली की बायको उठणार. कुंड्या सगळ्या तिच्या खोलीत आल्या. तिथे आता ऊन कुठलं? म्हणून झाडांसाठीचे ते जांभळट दिवे मागवले. एका कुंडीवर माव्याची कीड पडली होती, तेवढी मागच्या अंगणात मोरीपाशी हाकलली.

दिवे पहाटे लागत, ते अर्धी रात्र सरली तरी जळत. मी चिडून म्हणाले, "भावोजी, झाडांना एवढा उजेड कशाला?"

"झाडांना होतो, आणि मला ती दिसते बी," ते म्हणाले. "श्वास चालू हाय का ते बघाया नको?"

अक्काची झोप उडाली. डोळे खोल गेले, हाताला जी थोडी हालचाल आली होती ती पुन्हा मंदावली. डॉक्टर म्हणाले, विश्रांती नाही मिळाली तर दुसरा झटका येईल. त्यांनी झोपेची गोळी दिली. गोळी झोपेची आणि दिवा जागरणाचा, असा आमचा संसार! शेवंती मात्र हिरवीगार, हातभर वाढलेली. कळी औषधालाही नाही. भावोजींनी आणखी एक दिवा मागवला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भांडी घेऊन मी मोरीकडे गेले, तर हाकललेली शेवंती पिवळ्या फुलांनी लगडलेली. कुंडी उचलून मी खोलीत आणली. भावोजींनी फुलं हाताने चाचपली. मग त्यांनी मोबाईल काढला, चष्मा लावला आणि शोधून मोठ्याने वाचलं. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. रात्री उजेड मिळाला तर ती नुसती वाढत राहते.

वाचून झाल्यावर त्यांनी झाडाकडे पाहिलं नाही. अक्काकडे पाहिलं. मी फूल तोडून तिच्या हातात दिलं. तिने ते मुठीत धरलं आणि दिव्याकडे बोट केलं.

"साकू आता," ती कानडी-मराठी मिसळून म्हणाली. "पुरे, हो."

भावोजींचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मला त्यांचा राग आला होता, तरी बटण मी दाबलं नाही. शेवटी त्यांनी दिवे मालवले. खोलीत एकदम काही दिसेना.

"सुमित्रा, हाय ना गं?"

"हाय."

त्यांनी पुन्हा हाक मारली. "सुमित्रा?"

"हूं."

तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही. ते धडपडत बटणाकडे निघाले. मी त्यांचा हात धरून पलंगाशी नेला आणि तिच्या नाकाशी ठेवला. बऱ्याच वेळाने ते कुजबुजले, "गरम लागतंय."

मग ते जमिनीवर बसले, हात तसाच वर धरून. दिवा त्यांनी लावला नाही.