गाऱ्हाण्यात हरलेला सामना

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. माझी मावसबहीण तिथे दिलेली आहे आणि तिच्या घरी मी अजून जेवते. डिचोली तालुक्यातलं, खाणींच्या कडेचं गाव, एवढं पुरे. गोवा मुक्त होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि गावोगाव क्लब निघाले होते. त्या गावाच्या फुटबॉल क्लबाचं स्वतःचं मैदान होतं आणि मैदानाच्या फाटकावर तांबड्या रंगात ‘स्टेडियम’ असं ठळक लिहिलेलं होतं. स्टेडियम म्हणजे काय, तर भात कापून झाल्यावर बांध मोडून केलेली सपाटी, एका अंगाला चिऱ्यांच्या दोन-तीन पायऱ्या आणि वर पत्रे. पत्र्याखाली त्यांची माणसं. पाहुण्यांनी उन्हात उभं राहायचं. त्यातही पुरुषांनी बाजूच्या दोरीपाशी आणि बायकांनी लांबच्या गोलामागे, काजीच्या झुडपांत, जिथे खनिजाच्या ट्रकांची धूळ सरळ तोंडावर यायची. आमच्या पेडण्यात दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. इथे आम्हाला आधी दोरी दाखवली.

आम्ही पाच-सहा बायका होतो. आई, शेजारच्या दोघी-तिघी, मी. बायकांनी मॅचला जायची आमच्या गावात पद्धत नव्हती. पण त्या दिवशी दादाची मॅच होती, आणि आईनं सकाळीच सांगून टाकलं होतं की ट्रकात जागा नसेल तर ती चालत येईल. मग जागा झाली. म्हापशावरून, अस्नोड्यावरून आम्ही आलो, उंडे पाव आणि चवळीची उसळ डब्यात घेऊन.

दादा आमच्या गावच्या टीमचा पुढचा खेळाडू. त्याच्याबद्दल सख्ख्या बहिणीनं काय सांगायचं! पण त्याच्या पायात बॉल आला की आमचे मास्तर, जे शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी टीमला पळवायचे, ते बसल्या जागेवरून उठून उभे राहायचे. हे मी पुष्कळदा पाहिलेलं आहे. एरवी दादा खनिजाच्या ट्रकावर क्लीनर होता. पहाटे जायचा आणि तांबडा होऊन परत यायचा. केस, पापण्या, कानाच्या पाळ्या सगळं तांबडं. खोकायचाही. वडील नव्हते, घरात मिळवता तोच.

त्या वर्षी मास्तरांनी कुठूनशी बातमी आणली होती. मुरगाव बंदरातल्या एका कंपनीची टीम होती आणि त्या टीमचा माणूस ह्या स्पर्धेच्या फायनलला येणार होता, खेळाडू निवडायला. निवड झाली की नोकरी. कायमची. सकाळी हजेरी, दुपारनंतर सराव, आणि पाय थकले तरी नोकरी राहणार. तो माणूस फक्त फायनल बघणार होता. म्हणजे ही सेमीफायनल जिंकली तरच दादा त्याच्या नजरेला पडणार. आईनं आठवडाभर ही गोष्ट कोणाजवळ उच्चारली नव्हती, दृष्ट लागू नये म्हणून. पण तिच्या हाताला काम सुचत नव्हतं, हे मला दिसत होतं.

मॅच सुरू होण्याआधी दोन्ही टीमा मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गावचे गावकार, देवस्थानाचे मानकरी, पुढे आले. म्हातारे, काटक, खांद्यावर पंचा, हातात नारळ. गाऱ्हाणं घालायला. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे विहीर खणायची असो, नाटक असो की लग्न, आधी ग्रामदेवाला मोठ्यानं सांगायचं, मागायचं, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेल्या पुरुषांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बायकांनी म्हणायचं नाही. बायकांनी मागे उभं राहून हात जोडायचे.

"बा देवा म्हाराजा," गावकारांनी आवाज चढवला, "आज ह्यो जो खेळ तुझ्या पायांकडे मांडलेलो आसा, तो सुरळीत पार पडांदी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं मैदान. त्यांचे आणि आमचेही.

"कोणाचो हात-पाय मोडां नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकलां-माकलां आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हीं जी तुझ्या गावचीं लेकरां आसत, तेंका आज यश दी, आणि जो कोण तेंच्या आड येयत तेका थंयच थोपव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आमच्या पुरुषांनीही म्हटलं! दोरीपाशी उभ्या असलेल्या आमच्या अख्ख्या गावानं, टोप्या काढून, छाती फुगवून. मास्तरांनी म्हटलं. मैदानात हात जोडून उभ्या असलेल्या दादानं म्हटलं. त्यांच्या टीमला यश दे आणि आम्हाला थोपव, असं आमची माणसं ट्रकभर धूळ खाऊन परक्या गावात जाऊन मागून आली. गाऱ्हाण्यात काय म्हणतात ते कोण ऐकतं? शेवटचा ‘म्हाराजा’ कानावर पडला की तोंड आपसूक उघडतं. आई माझ्याकडे बघून चरफडत पुटपुटली, "शिरां पडो ह्यांच्या तोंडार."

मॅच आमची होती. हे त्यांचीही माणसं मनात मान्य करत असणार. पण गोल होईना. दोन्हीकडे भोपळा, आणि वेळ संपत आलेला. दुसऱ्या अर्ध्यात दादा आम्ही उभ्या होतो त्याच गोलाकडे खेळत होता, त्यामुळे जे झालं ते आमच्या डोळ्यांसमोर झालं. त्या गोलाची जाळी म्हणजे मासेमारीचं जुनं जाळं, खुंट्यांना ताणून बांधलेलं, आणि त्याला उजव्या खालच्या कोपऱ्यात चांगलं कलिंगड जाईल एवढं भोक होतं. मॅच सुरू व्हायच्या आधीच शेजारणीनं ते मला दाखवलं होतं आणि आम्ही हसलो होतो.

दादा उजवीकडून आत घुसला. त्यांच्या एका धिप्पाड गड्यानं त्याला खांद्यानं ढकललं, आणि पडता पडता दादानं मारलं. बॉल गोलकीपरच्या हाताखालून, खांबाच्या आतून गेला आणि त्या भोकातून बाहेर येऊन काजीच्या बुंध्यावर आदळला. माझ्या पायापासून हातभर. आम्ही बायका ओरडलो. आईनं दोन्ही हात डोक्यावर नेले.

रेफ्री म्हापशाचा होता, लांब होता. त्यानं लाइनमनकडे पाहिलं. लाइनमन त्या गावचा. त्यानं काय करायचं? करायचं तेच केलं. झेंडा बाहेरच्या बाजूला दाखवला. गोलकिक! आमची पोरं हात वर करून रेफ्रीकडे धावली, दादा अजून मातीत पडलेला, आणि तेवढ्या गोंधळात त्यांच्या गोलकीपरनं बॉल ठेवला, लांब मारला, आणि रिकाम्या मैदानातून त्यांचा एक जण धावत जाऊन आरामात गोल करून आला. तो मात्र गोल झाला. शिट्टी वाजली, फटाके फुटले, मॅच संपली.

मास्तर तरातरा पत्र्याखालच्या टेबलापाशी गेले. त्यांच्यामागे आमचे पुरुष. त्यांच्यामागे, कोणी बोलावलं नसताना, आम्ही बायका. मास्तर चांगले बोलले. जाळी बघा, बॉल कुठे पडला ते बघा, बॉलवरची माती बघा. कमिटीची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एक जण तर उठलासुद्धा, जाळी बघायला. मला वाटलं, आता होईल काहीतरी.

तेवढ्यात गावकार आले. रागावलेले नव्हते, उलट हसत होते, आणि हातात नारळाची शकलं. त्यांनी पहिलं शकल मास्तरांच्या हातावर ठेवलं.

"मास्तरानू," ते म्हणाले, "जाळी कित्याक बघतास? मी गाऱ्हाणां घातलंय तेव्हा व्हय म्हाराजा तुमी म्हटलास मां? आमच्यापेक्षा तुमचो आवाज मोठो होतो. देवान आयकलां. आता देवाक खोटो पाडतास?"

आणि आमच्या मास्तरांनी, गणिताच्या मास्तरांनी, हातातलं शकल कपाळाला लावलं. मागचे सगळे पुरुष, जे मघाशी लाइनमनचे पाय मोडायच्या गोष्टी करत होते, ते चपलांकडे बघायला लागले. कोणीतरी दबक्या आवाजात ‘तां खरां’ असंही म्हणालं. तां खरां! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की काय बोलते हे कळायच्या आत मी पुढे होते.

"आमी व्हय म्हणूक नाय," मी म्हटलं.

गावकारांनी मान वळवली. "बाये, गाऱ्हाण्यात बायलांचां काय काम?"

"तांच सांगतंय. तुमीच आमकां म्हणूक दिनास नाय. मगे आमी काय देवाकडे मागूक नाय. आणि गोल आमीच बघलो. बॉल भोकातसून इलो, माझ्या पायाकडे पडलो."

मग गावकार हसले आणि त्यांची माणसं हसली. त्यांचं हसणं मी सोसलं असतं. पण आमचेही हसले. सुटका झाल्यासारखे, मोठमोठ्यानं. मास्तरसुद्धा जरासे. ज्यांनी आपल्या तोंडानं आपला पराभव मागून घेतला ते शहाणे, आणि जिनं डोळ्यांनी गोल पाहिला ती हसण्यावारी. दादा लंगडत आला, माझा दंड धरला आणि म्हणाला, "चल, घराक जाव या."

परतीच्या वाटेवर ट्रकात वाद रंगला. कशावर? जाळीवर नव्हे. त्या शेवटच्या मागण्याला गप्प राहिलं असतं तर चाललं असतं का, ह्यावर. एक जण म्हणाला, ‘नाय म्हाराजा’ म्हणायला हवं होतं. दुसरा म्हणाला, गाऱ्हाण्यात ‘नाय’ म्हटल्याचं त्याच्या पणजोबानंही ऐकलेलं नाही. गावकाराला कोणी नावं ठेवली नाहीत. उलट म्हातारा पोचलेला आहे, अशी तारीफ झाली. मला आजही त्या गावकारापेक्षा आमच्या माणसांचा राग जास्त येतो. तो निदान आपल्या गावासाठी लबाडी करत होता. आमच्यांनी ती लबाडी प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. देव आडवा घातला की कोणाला उत्तर द्यावं लागत नाही, हे गावकाराला ठाऊक होतं. त्या देवानं तरी कधी म्हटलं होतं का, की फाटक्या जाळ्यातून गेलेला बॉल मी मोजणार नाही म्हणून?

घरी मी दादाशी भांडले. तो ट्रकावर जात होता, येत होता, जेवत होता, जसं काही झालंच नव्हतं.

"तू पडलेलो," मी म्हटलं. "तुका दिसाक नाय. मी बघलंय."

"बॉल गेलो आसतलो भायर," तो म्हणाला. "येवढीं माणसां काय खोटां बोलतत? आणि तोंडान व्हय म्हटलेलां माझ्याच. तू भैण. तुका सगळीकडे माझो गोलच दिसतलो."

आईसमोर बोलला हे. आईनंही पाहिला होता गोल. ती उठून चुलीपाशी गेली. त्याला खरंच वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मनाची समजूत म्हणून तो बोलत नव्हता. एवढा मोठा गाव, एवढा म्हातारा माणूस, देवाचं नाव घेऊन खोटं बोलेल, हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. आपणच चुकीचा मारला, असं धरून तो बसला होता.

पुढच्या रविवारी तो त्याच मैदानावर फायनल बघायला निघाला. मी म्हटलं, मीही येणार. त्यानं नको म्हटलं, मी गेले. पत्र्याखाली आज खुर्च्या होत्या आणि मधल्या खुर्चीवर पांढऱ्या शर्टातला, गॉगल लावलेला मुरगावचा माणूस बसला होता. मला त्या माणसाच्या समोर जाऊन उभं राहावंसं वाटलं, दादाचा हात धरून. दादा त्या बाजूला वळलाच नाही. तो दोरीपाशीही थांबला नाही. सरळ लांबच्या गोलामागे, काजीच्या झुडपांत गेला, जिथे आम्ही बायका उभ्या होतो. त्याला ती जागा बघायची असणार.

जाळं तेच होतं, जुनं, काळपट. पण उजव्या खालच्या कोपऱ्यात निळ्या नायलॉनच्या दोरीनं नवीन विणकाम केलेलं होतं. घट्ट, गाठीला गाठ लावून, नीट. आठवड्याच्या आत कोणीतरी बसून केलं होतं. ज्या गावानं भोकातून बॉल गेलाच नाही म्हणून सांगितलं, त्या गावानं ते भोक शिवून घेतलं होतं.

दादानं जाळ्यात बोटं घातली, एक गाठ ओढून पाहिली, मग दुसरी. मधोमध गाऱ्हाणं सुरू झालं होतं आणि सगळं मैदान ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतं. दादाचं तोंड मिटलेलं होतं.

"तेंका पण म्हायत होतां," तो म्हणाला.

आणि खनिजाची धूळ आत गेल्यासारखे त्यानं दोन्ही तळव्यांनी डोळे चोळले. त्या दिवशी रविवार होता, ट्रक बंद होते.